हवामानाचा इशारा आणि घरातील रेडिओ : पूर्वतयारी कशी करावी?

भारतातील बंदरांवर वादळाची पूर्वसूचना देण्यासाठी एक ते अकरा क्रमांकांचे संकेत लावले जातात. दिवसा ठरावीक आकृत्या चढवून आणि रात्री दिवे लावून ते दाखविण्याची पद्धत आहे. कोकणात त्यांना बावटे म्हणतात आणि ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य किनाऱ्यावर लहानथोरांच्या परिचयाचे आहे. आठ, नऊ आणि दहा हे महासंकटाचे बावटे. त्यांच्याही पुढे अकरावा बावटा असतो आणि त्याचा अर्थ विचार करायला लावणारा आहे. हवामान इशारा केंद्राशी असलेला संपर्क तुटला आहे आणि हवामान धोकादायक होण्याची शक्यता स्थानिक अधिकाऱ्यांना वाटते, असे तो सांगतो. म्हणजेच निरोप येणे बंद होणे, हाही एक निरोप मानावा, असे ही जुनी पद्धत शिकवते.

घरोघरी हाच नियम लागू करण्याची वेळ आता आली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात होता. विजेचे खांब कोसळले, मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि रायगडसह रत्नागिरीतील दापोली, मंडणगड या तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. ३ मे २०१९ रोजी ओडिशात पुरीजवळ ‘फनी’ चक्रीवादळ आले, त्यानंतर पुरी आणि भुवनेश्वर परिसरातही असेच घडले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुराने वेढले गेले, तेव्हाही प्रथम वीज गेली आणि पाठोपाठ दूरध्वनी मुके झाले. ज्या घडीला माहितीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच घडीला माहिती पोहोचविणारी साधने निकामी होतात, हा अनुभव वारंवार आला आहे. अशा वेळी सेलवर चालणारा साधा रेडिओ उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी आकाश स्वच्छ असतानाच थोडी तयारी करून ठेवावी लागते.

इशारा कोठून येतो?

भारतात वादळाचा इशारा देण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६४ च्या ऑक्टोबर महिन्यात कोलकात्याला चक्रीवादळाचा भीषण तडाखा बसला आणि पुढील वर्षी तेथील बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. आज नवी दिल्ली येथील मुख्य केंद्राच्या जोडीला मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथील क्षेत्रीय चक्रीवादळ इशारा केंद्रे, तसेच अहमदाबाद, तिरुवनंतपुरम, विशाखापट्टणम आणि भुवनेश्वर येथील केंद्रे हे काम पाहतात. महाराष्ट्र आणि गोव्याचा किनारा मुंबईच्या केंद्राकडे येतो.

या केंद्रांतून निघालेली पत्रके राज्य शासन, जिल्हा प्रशासन, बंदरे, मत्स्यव्यवसाय विभाग, आकाशवाणी, दूरदर्शन आणि वृत्तपत्रे यांच्याकडे जातात. समुद्रात चक्रीवादळ तयार झाल्यावर साधारणतः दर तीन तासांनी नवे पत्रक निघते आणि वादळ किनाऱ्याला भिडण्याच्या सुमारास दर तासाला ताजी स्थिती सांगितली जाते. माहितीचा हा प्रवाह अखंड असतो. तो घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ओडिशाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. संपर्काची सर्व साधने कोलमडली होती आणि कित्येक ठिकाणी हौशी रेडिओचालकांनी निरोपांची देवाणघेवाण केली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावपातळीवर स्वयंसेवक तयार केले आणि इशारा शेवटच्या झोपडीपर्यंत नेण्याची व्यवस्था उभारली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ या अतितीव्र चक्रीवादळाआधी सुमारे दहा लाख लोक सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मृतांची संख्या काही दशकांपुरती मर्यादित राहिली. वादळाचे बळ दोन्ही वेळा मोठेच होते. दरम्यानच्या काळात फरक पडला तो इशारा वेळेवर ऐकण्यात आणि मानण्यात.

मोबाइलवरील इशारा : सामर्थ्य आणि मर्यादा

सी-डॉट या संस्थेने विकसित केलेल्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ पद्धतीच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर घेण्यात आल्या. त्या दिवशी एकाच वेळी असंख्य मोबाइल मोठ्या आवाजात वाजू लागल्याने अनेकजण दचकले होते. या पद्धतीत निरोप एकेका क्रमांकावर पाठविला जात नाही. ठरावीक भागातील मनोरे तो निरोप एकदमच प्रक्षेपित करतात आणि त्या मनोऱ्यांच्या कक्षेतील सर्व सुयोग्य मोबाइलवर तो उमटतो. त्यामुळे दूरध्वनींची कितीही गर्दी झाली, तरी निरोप अडत नाही. रात्री झोपेतून जागे करण्याचे काम ही पद्धत उत्तम करते. यासाठी मोबाइलच्या सुरक्षा किंवा आपत्कालीन सूचनांच्या विभागात जाऊन या सूचना सुरू आहेत याची खात्री करून घ्यावी. चाचणीच्या आवाजाला वैतागून ज्यांनी ही सोय बंद केली असेल, त्यांनी ती पुन्हा सुरू करावी.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप आपल्या भागासाठी निघालेले अधिकृत इशारे दाखविते. हवामान विभागाचे ‘मौसम’ आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांच्या सूचनेसाठी तयार केलेले ‘दामिनी’ ही ॲपही उपयुक्त आहेत. तथापि, या सर्वांना मोबाइलमध्ये वीज लागते आणि जवळचा मनोरा चालू असावा लागतो. मनोऱ्याला बॅटरी आणि डिझेल जनित्राचा आधार असला, तरी तो काही तासांचा असतो आणि रस्ते बंद झाले की डिझेल पोहोचत नाही. इंटरनेटवरून रेडिओ ऐकविणारी ॲपही त्याच क्षणी थांबतात. म्हणून मोबाइल हा जागे करणारा आणि रेडिओ हा जागे राहिल्यावर सोबत करणारा, अशी कामाची वाटणी मनात पक्की करावी.

अमेरिकेतील हवामान रेडिओ आणि आपली परिस्थिती

अमेरिकेत घरगुती वापरासाठी ‘हवामान रेडिओ’ नावाचा स्वतंत्र संच मिळतो. तेथील राष्ट्रीय हवामान सेवा १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील सात लहरींवर, एक हजाराहून अधिक प्रक्षेपकांमधून, अहोरात्र हवामानवृत्त प्रसारित करते. घरातील संच एरवी मूक असतो. इशारा प्रसारित होण्यापूर्वी एक सांकेतिक ध्वनी सोडला जातो आणि तो ओळखताच संच आपोआप बोलू लागतो. संच बसविताना आपल्या जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक त्यात भरून ठेवला की शेजारच्या जिल्ह्यांचे इशारे विनाकारण झोपमोड करीत नाहीत. यंत्रणा चालू आहे की नाही, हे कळावे म्हणून दर आठवड्याला एक चाचणी प्रसारित करण्याचाही तेथे प्रघात आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः टोर्नेडोप्रवण राज्यांत, असा संच शयनगृहाजवळ ठेवणे हिताचे ठरते.

भारतात त्या लहरींवर अशी सेवा नाही. हे सांगण्याचे कारण असे की ऑनलाइन बाजारात ‘आपत्कालीन हवामान रेडिओ’ या नावाने परदेशी धाटणीचे संच सहज मिळतात. त्यावरील हवामानाचा पट्टा आपल्याकडे केवळ खरखर ऐकवील. अशा संचात मध्यम लहरी आणि एफएम हे दोन्ही पट्टे असतील, फिरविण्याचा हातदांडा आणि सौरपट्टी असेल, तर तो अवश्य उपयोगी पडेल. परंतु तो स्वतःहून जागा होऊन इशारा देईल, या समजुतीत राहू नये.

संच कसा निवडावा?

वादळाच्या दृष्टीने चांगला रेडिओ हा महाग असण्याची आवश्यकता नाही. निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे संचात मध्यम लहरी आणि एफएम असे दोन्ही पट्टे असावेत. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की क्षीण होतात. कोकणातील दऱ्याखोऱ्यांत हा अनुभव नेहमीचा आहे. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पोहोचतात आणि रात्री तर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवरील केंद्रेही ऐकू येतात. जवळचे केंद्र वादळात बंद पडले, तर दूरचे केंद्र हाती लागण्याची शक्यता त्यामुळे राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे तो बाजारात कोठेही मिळणाऱ्या सेलवर चालावा. केवळ मोबाइलसारख्या चार्जरवर भरणारा संच वीज गेल्यावर काही तासांत थांबेल. पेन्सिल सेल गावातील किराणा दुकानातही मिळतात. तिसरी गोष्ट म्हणजे आवाजाचे आणि केंद्र लावण्याचे बटण घरातील वृद्धांना अंधारातही हाताळता यावे. अनेक कळा आणि बारीक अक्षरांचा पडदा असलेला संच कठीण प्रसंगी त्रासदायक ठरतो.

मोबाइलमध्ये एफएम रेडिओ असल्यास तीही एक जोडसोय समजावी. अनेक संचांत त्यासाठी इयरफोनची वायर लावावी लागते, कारण तीच ॲन्टेनाचे काम करते. तेव्हा वायरचा इयरफोन जपून ठेवावा. एफएम ऐकण्यासाठी मोबाइलला मनोऱ्याची किंवा इंटरनेटची गरज नसते. याच कारणास्तव २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने, ज्या मोबाइलमध्ये एफएमची सोय आहे ती बंद ठेवू नये, असा सल्ला उत्पादकांना दिला होता.

जागा आणि केंद्र निश्चित करणे

संच आणल्यावर तो कपाटात न ठेवता एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवावी. वादळात कुटुंब घराच्या ज्या खोलीत थांबणार आहे, तेथेच रेडिओ लावून पाहावा. ही खोली शक्यतो आतली, काचेच्या खिडक्यांपासून दूर आणि पक्क्या छताची असावी. गच्चीवर किंवा अंगणात स्पष्ट ऐकू येणारे केंद्र आतल्या खोलीत ऐकू येईलच असे नाही. सिमेंटमधील लोखंडी सळ्या आणि पत्र्याचे छप्पर लहरींना अडवितात.

मध्यम लहरींसाठीचा ॲन्टेना संचाच्या आत आडव्या कांडीच्या रूपात असतो. म्हणून बाहेरची दांडी ओढून काही उपयोग होत नाही; संपूर्ण संच जागच्या जागी हळूहळू फिरवावा. एका विशिष्ट दिशेला आवाज सर्वात स्पष्ट येतो आणि तेथून पाव वळसा फिरविला की तो क्षीण होतो. चांगली दिशा सापडली की मेजावर किंवा फळीवर खूण करून ठेवावी. एफएमसाठी मात्र बाहेरची दांडी पूर्ण ओढावी आणि संच खिडकीच्या बाजूने सरकवून पाहावा. जवळचा एलईडी दिवा, चार्जर किंवा इन्व्हर्टर यांमुळे मध्यम लहरींवर गुणगुण येत असेल, तर ती उपकरणे बंद करून पुन्हा ऐकावे.

त्यानंतर आपल्या भागात स्पष्ट ऐकू येणारी आकाशवाणीची किमान दोन केंद्रे शोधावीत. एक जवळचे आणि एक दूरचे. अलीकडच्या वर्षांत काही ठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण बंद होऊन तेथे एफएम आले आहे. त्यामुळे वडिलांच्या काळात अमुक आकड्यावर अमुक केंद्र लागत असे, या आठवणीवर विसंबू नये. आज प्रत्यक्ष काय ऐकू येते, ते पाहावे. सापडलेल्या केंद्राचा आकडा आणि त्यावरील बातमीपत्रांच्या वेळा एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो कागद संचाच्या पाठीवर चिकटवावा. घरातील प्रत्येकाने, मुलांनीही, ते केंद्र एकदा स्वतःच्या हाताने लावून पाहावे.

सेल, बॅटरी आणि साठवण

जुन्या रेडिओंचा घात बहुधा सेलच करतात. महिनोन्‌महिने आत राहिलेले सेल पाझरतात, त्यातील क्षार पितळी पट्ट्यांवर चढतो आणि ऐनवेळी संच मुका राहतो. म्हणून नियमित वापर नसल्यास सेल काढून, कोरड्या डबीत, संचासोबतच ठेवावेत. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. अल्कलाइन सेल थोडे महाग असले, तरी अधिक काळ टिकतात. किमान दोन जोड्या शिल्लक असाव्यात आणि टॉर्चसाठीचे सेल वेगळे मोजावेत. रेडिओ, सेल, टॉर्च, वही, पेन्सिल आणि महत्त्वाच्या दूरध्वनी क्रमांकांचा कागद हे सर्व पाणी न शिरणाऱ्या पिशवीत एकत्र ठेवावे. घर सोडण्याची वेळ आली, तर शोधाशोध न करता ती पिशवी उचलता आली पाहिजे.

वादळाची सूचना मिळताच मोबाइल आणि पॉवर बँक पूर्ण भरून घ्यावेत. वीज गेल्यावर मोबाइलचा वापर आवश्यक संभाषणापुरताच करावा आणि बातम्यांसाठी रेडिओ लावावा. विजा कडाडत असताना रेडिओ भिंतीतील प्लगला जोडून किंवा बाहेर ओढलेल्या तारेला ॲन्टेना म्हणून जोडून ऐकू नये. सेलवर चालणारा सुटा संच वापरावा.

इशाऱ्याची भाषा समजून घेणे

रेडिओवर शब्द ऐकू आले, तरी त्यांचा नेमका अर्थ ठाऊक नसेल तर इशारा वाया जातो. चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत दिले जातात. किनाऱ्यावर प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या सुमारे ७२ तास आधी वादळपूर्व निगराणीची सूचना प्रशासनाला मिळते. ४८ तास आधी सतर्कतेचा आणि २४ तास आधी प्रत्यक्ष इशाऱ्याचा टप्पा येतो. वादळ किनाऱ्यावर येण्याच्या सुमारे १२ तास आधी चौथे पत्रक निघते. त्यात किनारा ओलांडल्यानंतर वादळ भूभागावर कोठे आणि किती जोराने जाईल, याचे अनुमान असते. हे चौथे पत्रक किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनीही लक्षपूर्वक ऐकावे.

वादळाच्या नावामागील विशेषणालाही मोजमाप आहे. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वेगाचे वारे असल्यास चक्रीवादळ आणि ८९ ते ११७ असल्यास तीव्र चक्रीवादळ म्हटले जाते. त्यापुढे तीव्रतेच्या आणखी पायऱ्या असून ताशी २२२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेग असल्यास ते महाचक्रीवादळ ठरते.

पावसाबद्दलही असेच आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अंदाज येतो.

इशाऱ्याच्या रंगांत हिरवा म्हणजे विशेष धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हा रंग केवळ पावसाच्या मिलिमीटरवरून ठरत नाही. संभाव्य परिणाम आणि तो घडण्याची शक्यता यांचाही त्यात विचार असतो. त्यामुळे ‘नारिंगी होता, पण पाऊस आलाच नाही’ अशी तक्रार करताना त्यात शक्यतेचा भाग गृहीत धरलेला असतो, हे विसरू नये. पुढील तीन तासांसाठी जिल्हानिहाय दिली जाणारी तातडीची सूचना मात्र ऐकताक्षणी मनावर घ्यावी.

वादळाच्या दिवशी कसे ऐकावे?

रेडिओ अखंड चालू ठेवल्याने सेल संपतात आणि मनही थकते. त्यापेक्षा बातमीपत्रांच्या वेळी सर्वांनी एकत्र बसून ऐकावे आणि एकाने वहीत पाच गोष्टी टिपाव्यात : पत्रकाची वेळ, वादळाचे आपल्या किनाऱ्यापासून अंतर आणि दिशा, वाऱ्याचा वेग, किनाऱ्यावर येण्याचे अपेक्षित ठिकाण आणि वेळ, तसेच समुद्राचे पाणी किती चढेल याचे अनुमान. दोन सलग पत्रकांची तुलना केली की वादळ जवळ येत आहे की दूर जात आहे, हे घरबसल्या कळते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निरोपांवर बहुधा वेळ नसते आणि कालचा निरोप आज नव्याने फिरतो. ज्या सूचनेवर वेळ आणि देणाऱ्या यंत्रणेचे नाव नाही, ती पुढे पाठवू नये.

अपेक्षित ठिकाणाकडे एका बिंदूच्या रूपात पाहू नये. ‘निसर्ग’च्या वेळी हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळपास वादळ किनारा ओलांडील, असे सांगण्यात आले होते. सर्वांचे डोळे मुंबईकडे लागले होते. पण सर्वाधिक आघात पट्ट्याच्या दक्षिण टोकाकडील श्रीवर्धन परिसराने आणि त्याच्याही पलीकडील दापोली, मंडणगडने सोसला. आपल्या गावाचे नाव बातमीत आले नाही म्हणून निश्चिंत होणे योग्य नाही.

वादळाचा मध्यभाग माथ्यावरून जात असेल, तर वारा अचानक पडतो आणि कधी कधी आकाशही उजळते. ही शांतता फसवी असते. थोड्याच वेळात वारा विरुद्ध दिशेने तितक्याच जोराने सुटतो. पत्रे गोळा करायला, झाडे पाहायला किंवा गोठ्याकडे जायला बाहेर पडू नये. वादळ पुढे सरकल्याचे रेडिओवर अधिकृतपणे सांगितले जाईपर्यंत घरातच थांबावे. रात्रीच्या वेळी कुटुंबातील मोठ्यांनी पाळ्या लावाव्यात. आपला रेडिओ स्वतःहून हाक मारत नाही, ती जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते.

रेडिओवरील केंद्र अचानक बंद पडले, मोबाइलवरील रेषा नाहीशा झाल्या आणि बाहेर वारा वाढत असेल, तर तो आपल्या घरावर लागलेला अकरावा बावटा समजावा. शेवटच्या पत्रकात सांगितलेला धोका कायम आहे, असे गृहीत धरून दुसरे केंद्र शोधावे आणि सुरक्षित जागा सोडू नये. संपर्क शक्य असल्यास आपत्कालीन मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० हे क्रमांक आहेत.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी

विदर्भ, मराठवाडा किंवा देशावरील वाचकांना ही तयारी अनावश्यक वाटू शकेल. परंतु देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात आणि त्यात शेतात काम करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. मध्यम लहरींवर केंद्र लावले असता थांबून थांबून कडकड असा आवाज येऊ लागला, तर परिसरात विजा होत असल्याची ती खूण असू शकते. हे काही अधिकृत मोजमाप नव्हे. तरीही असा आवाज वाढू लागला की झाडाखालून आणि मोकळ्या रानातून निघून पक्क्या इमारतीत जावे. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांना वेढले होते. अशा वेळी धरणांतून सोडले जाणारे पाणी, नदीची पातळी आणि बंद झालेले रस्ते यांची माहिती मिळण्यासाठीही रेडिओ तितकाच कामाचा असतो.

नोकरी-व्यवसायानिमित्त चेन्नई, विशाखापट्टणम, भुवनेश्वर किंवा कोलकाता येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे भाषेचा प्रश्न असतो. तेथील सर्वात ताजी आणि सर्वात स्थानिक माहिती त्या त्या राज्याच्या भाषेत दिली जाते. हिंदी आणि इंग्रजी राष्ट्रीय बातमीपत्रे ऐकावीतच. पण त्याबरोबर वादळ, पूर, निवारा, स्थलांतर, धोका आणि आपल्या वस्तीचे नाव हे मोजके शब्द शेजाऱ्यांकडून स्थानिक भाषेत शिकून घ्यावेत. जवळचा चक्रीवादळ निवारा किंवा शाळा कोठे आहे, हेही आधीच पाहून ठेवावे.

वर्षातून दोन वेळा तालीम

भारतीय समुद्रांत चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : पावसाळ्यापूर्वी एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे गुढीपाडवा पहिल्या हंगामाच्या तोंडावर येतो आणि दसरा दुसऱ्याच्या. दसऱ्याला हत्यारे, अवजारे आणि वाहने पुसून त्यांची पूजा करण्याची रीत आहेच. त्याच दिवशी रेडिओही खाली काढावा, पट्ट्या पुसाव्यात, सेल घालून केंद्र लावावे, पाठीवरचा कागद तपासावा आणि मोबाइलवरील आपत्कालीन सूचना सुरू आहेत ना, हे पाहावे. पाडव्याला पुन्हा तेच करावे. या कामाला अर्धा तास पुरतो.

हवामान विभागाचे उपग्रह, रडार आणि गणिती प्रारूपे यांमुळे वादळाची चाहूल आता काही दिवस आधी लागते. दिल्ली-मुंबईहून निघालेला हा इशारा हजार-पाचशे किलोमीटरचा प्रवास सहज पार करतो. शेवटचे दहा पावलांचे अंतर, म्हणजे घराच्या भिंतीपासून घरातल्या माणसाच्या कानापर्यंतचे, पार करणे मात्र आपल्याच हाती आहे. त्यासाठी एक चालू रेडिओ, दोन जोड सेल आणि ऐकलेले मानण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.